काकूंची झोप आणि सरांचं अर्थिंग

सरांच्या घरी आलेल्या कुणालाही आधी चपला काढून अंगणातल्या ओल्या मातीत उभं राहावं लागायचं. मग तो पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर लग्नाची पत्रिका घेऊन आलेले पाहुणे. सर सदऱ्याच्या खिशातून वीज मोजायचं लहान मीटर काढायचे, त्याची एक तार आलेल्याच्या हातात द्यायचे, दुसरी अंगणात ठोकलेल्या सळईला लावायचे, आकडा बघून "हं" म्हणायचे आणि मग विचारायचे, "बोला, काय काम काढलंत?" एकदा एका गृहस्थांनी दारातूनच हा प्रकार बघितला, पत्रिका तुळशीवृंदावनावर ठेवली आणि तसेच मागे फिरले. सरांना वाईट वाटलं. लग्न चुकलं म्हणून नव्हे. "चांगले जाड तळव्याचे बूट होते गं," मला म्हणाले. "अशी माणसं मिळत नाहीत."

स्पष्टच लिहिते. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याकडची खोड मला मान्य नाही, आणि सरांना तर ती अजिबात खपली नसती. ते हट्टी होते. चारचौघांत माणसाचा पाणउतारा करायचे. आणि त्यांच्या हातून एक गोष्ट अशी झाली, की तिची चुटपुट त्यांना शेवटपर्यंत लागून राहिली. तीच सांगायची आहे, पण ती कळायला आधी माणूस कळायला हवा.

भोरमध्ये ते पदार्थविज्ञान शिकवायचे. त्यांच्या वर्गात 'वाटतं' या शब्दाला बंदी होती. "सर, मला वाटतं उत्तर बरोबर आहे," असं कुणी म्हणालं, की सर विचारायचे, "वाटणं कशात मोजतात? किलोत की मीटरमध्ये?" निवृत्त झाल्यावर मोजायला हाताशी काही उरलं नाही, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या पुतण्यानं पुण्याच्या एका सायबर कॅफेतून काही पानं छापून आणली. परदेशातल्या काही लोकांचं म्हणणं असं, की माणूस रबरी तळव्यांवर चालायला लागला, खाटेवर झोपायला लागला आणि जमिनीपासून तुटला. त्याला तारेनं पुन्हा जमिनीला जोडलं, विजेच्या यंत्राला अर्थिंग करतात तसं, तर जमिनीतले इलेक्ट्रॉन अंगात येतात, दुखणं कमी होतं, झोप लागते.

सरांनी ती पानं दहावीच्या पेपरासारखी लाल पेनानं तपासली. 'नमुना लहान.' 'तुलनेचा गट कुठे आहे?' 'प्रयोग करणाऱ्यानेच चादरी विकाव्यात काय?' एके ठिकाणी, जिथं निम्म्या माणसांना फसवी तार लावून बघितलं होतं, तिथं समासात 'शाब्बास' लिहिलं. मग कुदळ घेतली आणि परसात छातीएवढा खड्डा खणला. तळाशी तांब्याचा पत्रा, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. ओल टिकायला हवी म्हणून उन्हाळ्यात त्यात रोज कळशीभर पाणी घालायचे. शेजारच्या बाई कुंपणावरून विचारायच्या, "काय लावलंय सर?"

"तांबं."

"आन् कधी उगवायचं?"

"उगवलं की तुम्हालाच पहिलं पातेलं."

मी त्या घरात शिरले ती भांडायला. तेव्हा मी कॉलेज संपवून विज्ञान-प्रसाराचं काम करणाऱ्या एका लहानशा गटात पूर्णवेळ लागले होते. आमचं हत्यार एकच, पत्रक. पिवळा कागद, वर ठळक अक्षरात सवाल, खाली 'जाहीर उत्तर द्या'. आंबवड्याच्या बाजूला एका शेतात कुणा महाराजांनी शिबिर भरवलं होतं. अनवाणी चाला, धरणीमाता मधुमेह ओढून घेईल, गोळ्या फेकून द्या. एका माणसानं दिल्या फेकून. त्याच्या पायाला काटा लागला तो त्याला कळलाच नाही, कारण मधुमेहानं तळव्याची जाणीव गेली होती. कळलं तेव्हा बोटं काळी पडली होती. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं: 'महाराज, पाय परत देता का?' ते वाटत असताना कुणीतरी म्हणालं, असलं एक खूळ तुमच्या भोरातल्या सरांच्या परसातही चाललंय की. मी सरळ तिथं गेले. अर्थात आधी मातीत उभी राहिले.

सरांनी पत्रक उभ्यानंच वाचलं. लाल पेन काढून दोन वेलांट्या दुरुस्त केल्या. मग एका ओळीखाली रेघ मारली.

"'जमिनीच्या स्पर्शाचा शरीरावर कोणताही परिणाम होत नाही.' हे तू लिहिलंस?"

"हो."

"मोजलंस?"

"त्यात काय मोजायचं? सरळसरळ थोतांड आहे."

"गोळ्या फेका म्हणणं हे थोतांड. त्याच्यावर पोलिसांत तक्रार दे, मी येतो सही करायला. पण हे वाक्य? महाराजांनी मोजलं नाही. तूही मोजलं नाहीस. मग तुमच्या दोघांत फरक काय? दाढी?"

आतून कुणीतरी खुदकन हसलं. त्या काकू, सरांच्या पत्नी. दारात येऊन म्हणाल्या, "अहो, पोरीला आत तरी येऊ द्या. कवाची चिखलात उभी केलीय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. पण ते वाक्य मी मोजलेलं नव्हतं हे खरं होतं, आणि तालुक्याला राहायला मला खोली हवी होती. पुढच्याच महिन्यात मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आले. तेव्हापासून सर मला 'पत्रकबाई' म्हणायचे.

मोजायचा पहिला प्रयत्न पासली गावात झाला. सरांचं म्हणणं साधं होतं: जन्मभर अनवाणी चाललेली माणसं गाठायची आणि त्यांना झोपेचं, दुखण्याचं विचारायचं. वेल्ह्यापर्यंत एसटी, पुढं दुधाच्या टेम्पोत मागं बसून. पासलीच्या वरच्या अंगाला शेरडं-गुरं राखणाऱ्यांची घरं आहेत. भातखाचरांच्या बांधावरून सर पुढं, चपला काखेत, मी मागं. एका ओट्यावर म्हातारी शेळीला पाला घालत होती.

"आजी," सर म्हणाले, "तुमचे पाय रोज जमिनीला लागतात ना?"

"मंग? आभाळाला लागत्यात व्हय?"

"तसं नव्हे. चप्पल घालत नाही ना कधी?"

"लगनात घातली हुती. चावली."

"बरं. रात्री झोप कशी लागते?"

"कुठली झोप? गुडघं ठसठसत्यात. तुमी डागदर हाय का?"

"नाही, मास्तर."

"मंग कशाला इचारताय?" असं म्हणून तिनं शेळीकडं तोंड फिरवलं.

मला आनंद झाला. "लागला निकाल, सर! आयुष्यभर अनवाणी, आणि गुडघे दुखतायत."

"एका म्हातारीवरून? चप्पल घातली असती तर याहून जास्त दुखले असते, हे कशावरून नाही?" सर वाकून घरात डोकावले. सारवलेली जमीन, तिच्यावर घोंगड्या. "इथं सगळेच जमिनीवर चालतात आणि जमिनीवरच झोपतात. तुलना कुणाशी करायची? आपल्याला बिघडलेली माणसं पाहिजेत. फरशी, लोखंडी खाट, रबरी स्लीपर. चल, भोरलाच जाऊ."

आणि अशी बिघडलेली माणसं त्यांच्या गल्लीतच होती. घरातही होती.

काकूंना संधिवात होता. हातांची बोटं कडेला वळलेली, गुडघे सुजलेले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या एक दिवसही चुकणार नाहीत यावर सरांची करडी नजर असायची. पण झोप गेलेली. कितीतरी वर्षं. पडल्या पडल्या छताकडं बघत राहायच्या, आणि सकाळी विचारलं तर म्हणायच्या, "डोळं मिटलं की दुखणं मोठं व्हतं बघ." माहेर भोंगवलीचं. मास्तरांची बायको म्हणून भोरमध्ये सगळा संसार झाला, पण भाषा भोंगवलीचीच राहिली. सर रोज दुरुस्त करायचे, "न्हाई नव्हे, नाही." काकू म्हणायच्या, "व्हय." झालं.

प्रयोगाच्या चादरी काकूंनीच शिवल्या. त्या वळलेल्या बोटांनी मशीनवर, प्रत्येक चादरीत तांब्याची केसासारखी तार नागमोडी बसवून. सरांनी मध्ये रेझिस्टन्स घातला, कुणाला धक्का बसू नये म्हणून. चादरीची तार खिडकीखालच्या एका लाकडी डबीत जायची आणि डबीतून बाहेर जमिनीत. निम्म्या घरांत डबीच्या आत तारेची टोकं जोडलेली, निम्म्या घरांत मध्ये मेणाचा गोळा घालून तोडलेली. बाहेरून सगळं सारखं. कुणाची तार खरी आणि कुणाची फसवी हे झोपणाऱ्याला ठाऊक नाही. सकाळी विचारत फिरणार मी, तर मलाही नाही. सरांनाही नाही. ठाऊक फक्त गल्लीतल्या वायरमन चाचांना. चाचांनी प्रत्येक दारात रुपया उडवला, छापा की काटा त्याप्रमाणे डबीच्या आतलं काम केलं आणि वर लाख ओतून टाकली. सरांनी स्वतःचं मीटरसुद्धा चाचांच्या हवाली केलं. "ठेवा तुमच्याकडं. जवळ असलं तर माझा हात जाईल." त्या दिवसांत पोस्टमन अंगणात आला की सवयीनं चपला काढायचा आणि नुसताच उभा राहायचा.

सरांनी घरोघर जाऊन सगळं उघड सांगितलं होतं, हे मी मुद्दाम लिहिते. "काहींची तार फसवी असेल. कबूल आहे?" सगळ्यांना कबूल होतं, कारण प्रत्येकाला खात्री होती, आपली खरी. काकूंना तर विचारायलाच नको. मला म्हणाल्या, "ह्यांचं काय ते नियम असतील. पर घरच्या माणसाची खोटी कोण ठेवतंय गं?"

पुढं जे झालं ते परदेशातल्या कुठल्या शास्त्रज्ञाच्या वाट्याला आलं नसेल. मी सकाळी दारोदार फिरायला लागले. पहिल्या घरात लेक बाळंतपणाला आलेली. "चादर तिला दिली बाई. बाळंतिणीला नको का चांगलंचुंगलं?" दुसऱ्या घरात सूनबाई म्हणाल्या, "मामंजींची कंबर धरली होती, म्हटलं तुम्ही झोपा यावर." तिसऱ्या घरात पाहुणा आला की चादर पाहुण्याला. एका घरातली चादर तर गायबच होती. आजोबा म्हणाले, "नातू पुण्याला होस्टेलला आहे ना. अभ्यासानं झोप होत नाही त्याची. तार कापून गुंडाळून दिली सोबत. तिकडं कुंडीत खुपस म्हटलं."

मी हे सरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले, मग ओरडले. "या देशात एक माणूस एका अंथरुणावर महिनाभर झोपत नाही! कसलं संशोधन होणार इथं?" मग पुन्हा हसले. लोकांनी कुणी लबाडी केली नव्हती. चांगली वस्तू घरात आली की ती आधी दुसऱ्याला द्यायची, एवढंच त्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे सरांच्या तक्त्यातला एकही रकाना धड राहिला नाही.

धड राहिलं फक्त काकूंचं अंथरूण. त्यांच्याकडे कुणी बाळंतीण नव्हती, नातू नव्हता, आणि गुडघ्यांमुळे जागा बदलणं त्यांना शक्य नव्हतं.

आणि काकू झोपायला लागल्या.

पहिल्यांदा ते दूधवाल्यामुळं कळलं. कडी वाजवून वाजवून तो निघून गेला आणि सर पातेलं घेऊन अनवाणी त्याच्या मागं धावले. मग मागच्या खोलीत मला काकूंचं घोरणं ऐकू यायला लागलं. इतकं छान घोरणं मी आयुष्यात ऐकलं नाही. सकाळी सर विचारायचे, "कशी लागली?" काकू म्हणायच्या, "लई ग्वाड." सर "हं" म्हणायचे, पण आतल्या खोलीत जाऊन उगाचच कपाट उघडझाप करायचे. एका सोमवारी काकू शेजारणीबरोबर आंबवड्याच्या देवळापर्यंत जाऊन आल्या, झुलत्या पुलावरून चालत. पूल हलला तेव्हा शेजारीण किंचाळली आणि आपण कशा हसलो, हे त्यांनी आम्हाला तीनतीनदा सांगितलं. दुखणं गेलं नव्हतं. बोटं तशीच होती. पण माणूस झोपला की दुखण्याशी भांडायला ताकद येते, हे मी डोळ्यांनी बघितलं.

इतर घरांचा प्रयोग बुडालाच होता. सर म्हणाले, पुढच्या हिवाळ्यात नव्यानं करू, तोवर डब्या राहू देत तशाच. राहिल्या असत्या. पण पुण्याहून एक टायवाले गृहस्थ आले. त्यांच्याकडे तसलीच चादर होती, प्लास्टिकच्या पिशवीत, वर सूर्योदयाचं चित्र. त्यांना काकूंचा अनुभव आणि फोटो हवा होता. सरांनी त्यांना मातीत उभं केलं आणि मातीतूनच परत पाठवलं. पण काकूंनी ऐकलं होतं.

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "पर भोंगवलीला हळदीकुंकू हाय, भावजयीकडं. तिथं मी सांगणार बायकांना. माझ्यासारख्या किती जणी तळमळत असत्याल. भावजयीला तर चादरच शिवून देते."

"वहिनींना मधुमेह आहे," सर म्हणाले.

"म्हणून तर."

"उद्या त्या गोळ्या सोडतील. आंबवड्याच्या त्या माणसाचं काय झालं ते पत्रकबाईला विचार."

"मी कुठं गोळ्या सोडा म्हणतेय? मी म्हणणार, मी झोपते. खोटं हाय का ते? सांगा, खोटं हाय?"

"झोपतेस ते खरं आहे. कशानं, ते ठाऊक नाही. डबी उघडलेली नाही."

"मंग उघडा की! मला कुठं भ्या हाय?"

सरांनी डबीकडं पाठ फिरवली. मोजायला घाबरलेले सर मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. काकू आत गेल्यावर मी हळूच म्हणाले, "सर, आधी तुम्ही एकट्यानं बघा. मग ठरवू."

"नाही," ते म्हणाले. "मला एकट्याला कळलं तर मी खोटं बोलेन. आणि ती तिकडं जाऊन माझं खोटं बायकांना सांगेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना बोलावलं. चाचा पेचकस घेऊन आले, खिडकीखाली बसले आणि बसूनच राहिले. "सर, ऱ्हाऊ द्या की," ते म्हणाले. "वैनी झोपत्यात ना? मंग आपल्याला काय करायचंय?"

मला तेव्हाच समजलं. सरांनाही समजलं असणार. काकूंना नाही. त्या खाटेवर बसून हसत होत्या. "उघडा हो चाचा. ह्यांचं तोंड तरी बघा कसं झालंय. परीक्षेला बसलेल्या पोरावानी."

चाचांनी लाख फोडली. झाकण निघालं. आत तारेची दोन टोकं होती आणि दोघांच्या मध्ये मेणाचा पिवळा गोळा.

आणि सर म्हणाले, "वा!"

हा 'वा' भोरमधल्या त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. भिंगाखाली कागद धुमसायला लागला, की ते असंच म्हणायचे. त्यात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. इतके महिने सगळं बुडत गेलेल्या प्रयोगानं एकदाचं स्वच्छ उत्तर दिलं होतं. तार तुटलेली, आणि तरी बाई झोपली. म्हणजे तिला झोपवलं ते जमिनीनं नव्हे, भरवशानं. परदेशातल्या त्या पानांत जिथं जिथं त्यांनी लाल रेघ मारली होती, तिथलं उत्तर त्यांना स्वतःच्या खिडकीखाली सापडलं होतं. तेवढ्या एका क्षणापुरते ते फक्त मास्तर होते. लगेच त्यांनी जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता.

काकूंनी आधी चाचांकडं बघितलं. "घरच्या माणसाची खोटी ठेवलीत?"

"वैनी, रुपया पडंल तसं केलं. सर म्हनले हुते, घर बघायचं न्हाई." चाचा म्हणाले.

मग सरांकडं. "म्हंजे मी येवढे दिवस झोपले ते काय? सोंग?"

"सोंग नव्हे गं. झोप शंभर टक्के खरी होती. तीच तर गंमत आहे, की..."

"गंमत," काकू म्हणाल्या. उठल्या, चादर काढली, चार घड्या घातल्या आणि कपाटात ठेवून दिली. भोंगवलीला त्या गेल्या नाहीत.

त्या दिवसापासून त्यांची झोप गेली.

भोरमध्ये आजही म्हणतात, सरांनी सांगायला नको होतं. काय बिघडलं असतं? मला हे ऐकलं की संताप येतो. बिघडलं असतं. भावजयीनं गोळ्या सोडल्या असत्या, आणखी चार जणींनी सोडल्या असत्या, आणि सूर्योदयाच्या चित्राखाली काकूंचं नाव छापून आलं असतं. फसवून झोपवणं हेच तर सगळे महाराज करतात. सांगायलाच हवं होतं, आणि मी हे कुणाच्याही तोंडावर सांगेन. फक्त तो 'वा' नको होता. त्या जागी ते काकूंच्या शेजारी नुसते बसले असते, तर? पण ते तसे बसणारे नव्हते.

नंतर त्यांनी काय काय केलं ते लिहिताना मला त्रास होतो. आधी म्हणाले, "आता खरी जोडून देतो." काकू म्हणाल्या, "नको. खऱ्या-खोट्यातला फरक मला कळत न्हाई, हे दाखवलंत ना?" मग सर समजावायला लागले. एकट्या माणसावरून काही सिद्ध होत नाही. भिंत ओली असेल. ओल्या भिंतीतून थोडं वहन होतंच, म्हणजे तुझी तार अगदीच तुटलेली म्हणता येणार नाही. वर्गात पोरांच्या असल्या पळवाटा ज्यांनी चिमटीत पकडल्या, तो माणूस एकामागून एक पळवाट स्वतःच काढत होता. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सर, तुम्ही आता महाराजांसारखं बोलताय."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "गप्प बस."

काकूच एकदा म्हणाल्या, "नका येवढं समजावू. नापास पोराला समजावल्यावानी वाटतंय." तेव्हा ते थांबले.

खड्ड्यात पाणी घालणं बंद झालं. मीटर चाचांकडून परत आणलं नाही. टायवाल्या गृहस्थांनी पुण्यात चादरी विकायला काढल्या आणि जाहिरातीत 'भोर येथील एका ज्येष्ठ शिक्षकांच्या घरचा अनुभव' असं घातलं. मी चिडून पत्रक लिहिलं, सरांपुढं ठेवलं. त्यांनी वाचलं. दोन ठिकाणी वेलांटी चुकली होती, ती मला तिथंच दिसली. त्यांनी पेन काढलं नाही. "ठीक आहे," म्हणाले.

दिवेलागण झाली, की ते काकूंच्या पायाशी बसायचे आणि पाय चेपायचे. सकाळी विचारायचे, "लागली का?" काकू म्हणायच्या, "न्हाई." सर ते दुरुस्त करायचे नाहीत. अंगणात जाऊन उभे राहायचे. हे मी रोज मागच्या खोलीतून ऐकत होते, आणि मग गटानं मला वेल्ह्याकडच्या गावांत कामाला पाठवलं तेव्हा, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं.

सर हृदयविकारानं गेले. मी वेल्ह्याहून पोहोचले तोवर सगळं उरकलं होतं. पाहुणे पांगल्यावर एका दुपारी मी काकूंकडं गेले. त्या गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. वळलेल्या बोटांतून एकेक शेंग मोठ्या मुश्किलीनं मोडत होती. मीही बसले, एक मूठ घेतली. झोपेचं विचारायचं नाही असं ठरवून गेले होते. त्यांनीच काढलं.

"पाय चेपायला लागले, की लागायची गं मला."

"काय?"

"झोप. रोज न्हाई. पर लागायची. हे उठून गेल्यावरबी पार दूधवाला येईस्तोवर."

मला शेंग मोडायचं भान राहिलं नाही. "मग रोज सकाळी 'न्हाई' का म्हणायचात?"

"आधी रागानं. तो 'वा' जाईना डोक्यातनं." त्यांनी आणखी एक शेंग मोडली. "मंग राग गेला. पर तवर सवय झाली हुती 'न्हाई' म्हणायची. आन् भ्याबी वाटायचं. ह्यांना कळलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासनं एक पाय चेपला असता आन् एक तसाच ठिवला असता. कुठला पाय आधी झोपतो ते बघायला."

मला हसू आलं. त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मग पदर तसाच राहिला आणि हसणं थांबलं.

"सांगायला पायजे हुतं," त्या म्हणाल्या. "मी जागीच हाय असं समजून गेले ते."